नव्या फोनला घरात रेंज नाही, जुन्याला फुल्ल असायची. दोष कोणाचा?

पडवीतला

नमस्कार मंडळी. जरा डोकं लावा, माझं बंद पडलंय.

गणपतीला गावी जाताना आईसाठी नवीन फोन घेतला. तिचा जुना नऊ वर्षांचा. काच तडकलेली, चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात धरून वर देवाचं नाव घेतलं तरच चार्ज व्हायचा. म्हटलं, आता पुरे.

घर गुहागर तालुक्यात. जांभ्याच्या दीड फुटी भिंती. वर आधी कौलं होती, पण माकडांनी इतका उच्छाद मांडला की सात वर्षांपूर्वी पत्रा घातला. टॉवर खाडीपलीकडच्या टेकाडावर, पडवीतून दिसतो.

जुन्या फोनला माजघरात, अगदी देवघराशी बसलं तरी चार काड्या. नव्याला तिथेच एक, नाहीतर फुली. फोन लागतो, पण दोन मिनिटांत "हॅलो… हॅलो… ऐकू येतंय का गं?" आणि तुटतो. पडवीत आली तर जरा बरं.

ठाण्यात दोन दिवस मी स्वतः हाच फोन वापरला होता, काही तक्रार नव्हती. दुकानदार म्हणतो, "हँडसेट ओके आहे, सिम बघा." सिमवाले म्हणतात, "आमच्याकडून ओके आहे, हँडसेट बघा." आई म्हणते, "तो परत कर आणि माझा मला दे."

रीस्टार्ट झालं, विमान मोड चालू-बंद झाला, सिम काढून पुसून झालं. आईने फोनला उदबत्तीही ओवाळली असेल. आता काय?

---

बिनकामाचा_सल्ला

उदबत्तीने काही होत नाही, नारळ फोडा.

गंभीर उत्तर: चौदा हजारांचा फोन घेतला की अँटेना बारा रुपयांची येते. तुमचा जुना फोन त्या काळात बनलाय जेव्हा फोन बोलण्यासाठी घेत असत.

---

झटपट

सिम बदला. नऊ वर्षं जुनं सिम असेल, कापून नॅनो केलेलं. माझ्या सासऱ्यांना हेच झालं होतं, कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) जाऊन नवीन ४जी सिम घेतलं, विषय संपला. तेही नाही जमलं तर ऑनलाइन बूस्टर मिळतो तीन-चार हजारांत. पत्र्यावर अँटेना, आत डबा. फुल्ल रेंज.

---

खांबावरचा

दूरसंचार खात्यात एकतीस वर्षं काढली. सुरुवात खांबावर चढून, शेवट टॉवरखाली बसून. म्हणून हे नाव.

पडवीतले, सगळ्यात आधी काड्या मोजणं सोडा. किती सिग्नलला किती काड्या काढायच्या याचा कुठलाही नियम नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाने काढते. २०१० साली आयफोन ४ विशिष्ट प्रकारे हातात धरला की काड्या धपकन उतरायच्या, तेव्हा अॅपलने जाहीर केलं होतं की काड्या दाखवायचं आमचं सूत्रच चुकीचं होतं, बऱ्याच वेळा दोन काड्या जास्तच दिसत होत्या. अँटेना हाताने झाकली जात होती हेही खरं होतं. पुढे त्यांनी फुकट कव्हरं वाटली. सांगायचा मुद्दा, जुन्याच्या चार आणि नव्याची एक यांची तुलना म्हणजे एका गावची पायली आणि दुसऱ्या गावचा शेर.

मला आकडा सांगा. फोन लावायच्या ठिकाणी *#*#४६३६#*#* दाबलं की बहुतेक अँड्रॉइडमध्ये एक पान उघडतं, त्यात 'सिग्नल स्ट्रेंथ' असते, डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप). नाही उघडलं तर सेटिंग, फोनबद्दल, सिम स्टेटस. आयफोनवाल्यांना *३००१#१२३४५#* लावावं लागतं.

आकडा उणे असतो. उणे ८५ उत्तम, उणे १०० ठीक, उणे ११० च्या खाली गेलं की कुरबुरी, १२० म्हणजे राम म्हणा. हे ४जीचे आकडे आहेत, २जीचा हिशोब वेगळा, तो नंतर सांगतो.

दोन्ही फोन, तेच सिम, तीच जागा, आणि प्रत्येक वेळी समोर एलटीई (म्हणजे ४जी) लिहिलंय की जीएसएम (म्हणजे २जी) हेही टिपा. आईंना जमेल का?

झटपट, तुमच्या बूस्टरवर सावकाश येतो.

---

पडवीतला

काका, आईला नाही जमणार, पण शेजारी ओमी आहे, नववीतला. शाळा सुटल्यावर त्याला लावतो कामाला.

---

द्राक्षवेल

मध्येच घुसते, पण माझाही नवीन फोन आणि माझीही रेंज, फक्त माझं वायफायचं दुखणं आहे. राउटर हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. जुन्या फोनवर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मालिकेचा अर्धा भाग बघून व्हायचा. नव्यावर गोल गोल फिरत बसतं. मिस्टरांचा फोन तिथेच धडधडीत चालतो. नाशिकला आहोत, जांभा नाही, साध्या विटांच्या भिंती.

---

स्क्रूड्रायव्हर_सांगली

ताई, राउटरला दोन पट्टे असतात, २.४ आणि ५. पाचवाला पळतो जोरात, पण भिंत आली की दमतो. २.४ हळू पण चिवट. तुमचा जुना फोन बहुतेक फक्त २.४ वाला होता, त्याला दुसरीकडं जायची सोयच नव्हती. नव्याला दोन्ही येतात आणि तो हॉलमध्ये असताना ५ पकडतो ते स्वयंपाकघरात आल्यावरही सोडत नाही, शेपूट धरल्यागत.

राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांची नावं वेगळी करा. एकाचं 'हॉल', दुसऱ्याचं 'स्वयंपाकघर' ठेवा म्हणजे घरातल्यांनाही कळेल. आणि बघा राउटर फ्रीजच्या मागं किंवा टीव्हीच्या पाठीमागं कोंबलाय का. दहापैकी सहा घरांत तिथंच असतो.

---

द्राक्षवेल

टीव्हीच्या मागेच आहे. वर गणपतीची चांदीची फ्रेमपण आहे. तुम्ही घरी येऊन गेलात का?

---

एडिसनची_आत्या

पडवीतल्या, फोन भारतातच घेतलाय ना? विचारायचं कारण असं की दोन वर्षांपूर्वी मी इथून न्यू जर्सीहून भावाला एक स्वस्तातला अँड्रॉइड नेला होता. कोल्हापुरात पोचल्यावर कधी रेंज, कधी नाही, आणि ४जी तर दिसायलाच तयार नाही. मला वाटलं बॅगेत दाबला गेला. मग भाच्याने शोधून काढलं की तो फोन अमेरिकेच्या बाजारासाठीचा होता. इथले टॉवर बँड (लहरींचे ठरलेले पट्टे) २, ४, १२, १३, ६६, ७१ वर चालतात, तिकडे ३, ५, ८, ४०. माझ्या फोनला त्यातला फक्त पाच कळत होता.

आणि बोलणंही अडलं. तिकडच्या ज्या कंपनीकडे २जी-३जी नाहीच, तिच्या सिमवर ४जीवरूनच बोलावं लागतं, आणि ती सोय त्या फोनमध्ये त्या कंपनीसाठी उघडलेलीच नव्हती. नेट चालतंय पण फोन लागत नाही असा प्रकार.

माझ्यासारख्या हौशी आत्यांनी नेण्याआधी मॉडेल नंबर टाकून बँड बघावेत. नुसतं नाव बघून उपयोग नाही, एकाच नावाचे चार देशांचे चार फोन असतात. आणि २०२२ पासून अमेरिकेतल्या नव्या आयफोनला सिमची खाचच नाही, ई-सिम (फोनच्या आतच असलेलं सिम) घ्यावं लागतं. गावाकडच्या दुकानात ते करून घेणं हा वेगळा धागा होईल.

---

पडवीतला

आत्या, भारतातच घेतलाय, ठाण्यात, पावतीसकट. डबा बघितला, ३, ५, ८, ४० सगळे आहेत.

ओमीचा अहवाल आला. पोराने वहीच्या मागच्या पानावर तक्ता करून फोटो पाठवला, मी इथे लिहितो.

जुना फोन, माजघर: जीएसएम, उणे ७३.
नवा, माजघर: एलटीई, उणे ११४.
नवा, पडवी: एलटीई, उणे १०३.
नवा, परसात विहिरीजवळ: एलटीई, उणे ९६.

खाली त्याची टीप: "आजीच्या फोनच्या कव्हरात गोळ्या आहेत."

मी व्हिडिओ कॉल केला (आई विहिरीजवळ उभी राहून). मी हौसेने पाकिटासारखं उघडणारं कव्हर घेतलं होतं. त्याच्या कप्प्यात आईने काय काय ठेवलंय: आधार कार्ड, अष्टविनायकाचा फोटो, गोंदवल्याहून आणलेलं एक रुपयाचं नाणं आणि बीपीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी. शिवाय कव्हर मिटलं राहावं म्हणून त्याला लोहचुंबक.

---

स्क्रूड्रायव्हर_सांगली

हाहाहा. गोळ्यांची पट्टी म्हणजे अॅल्युमिनियमचा कागद! अँटेनाला सरळ पांघरूणच घातलंय. आमच्याकडं रोज एक तरी असा येतो. कुणाच्या कव्हरमागं गाडीत चिकटवायची लोखंडी पट्टी, कुणाची अंगठी, एकाचं तर मंतरलेलं ताम्रपट. फोनच्या कडेला ज्या बारीक प्लॅस्टिकच्या रेघा असतात ना, त्या शोभेच्या नसतात, धातूच्या फ्रेमला तिथं तोडून अँटेना केलेली असते. मुख्य अँटेना बहुतेक खालच्या बाजूला. ते झाकलं की गेलं.

काढून परत मोजायला सांगा.

---

बिनकामाचा_सल्ला

धाग्याचं शीर्षक बदला: 'बीपीच्या गोळ्यांमुळे वाढलेलं बीपी'.

---

पडवीतला

कव्हर काढून माजघरात उणे १०९.

म्हणजे ११४ वरून १०९, पाचचाच फरक. तेवढ्यासाठी आईची सगळी मालमत्ता बाहेर काढली, आता ती माझ्यावर नाराज आहे. आणि मुख्य प्रश्न तिथेच: जुना ७३, नवा १०९. छत्तीसचा फरक! म्हणजे हँडसेटच बाद ना? सात दिवसांची बदलून देण्याची मुदत परवा संपते.

---

खांबावरचा

थांबा, दुकानात धावू नका.

पहिलं, पाच म्हणजे थोडं नव्हे. डीबीची मोजणी गुणाकाराची असते. ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट. पाच म्हणजे तिपटीहून थोडं जास्त. आईच्या गोळ्या दोन तृतीयांश सिग्नल खात होत्या.

दुसरं आणि महत्त्वाचं. ७३ आणि १०९ ही एका जातीची मापंच नव्हेत. २जीमध्ये फोन त्या अख्ख्या वाहिनीची ताकद मोजून सांगतो. ४जीमध्ये जो आकडा दिसतो तो एका बारीक उपलहरीचा. १० मेगाहर्ट्झच्या ४जी पट्ट्यात अशा ६०० उपलहरी असतात, २० मेगाहर्ट्झच्यात १२००. सगळ्या धरल्या तर २८ ते ३१ डीबी वर जातात. पोत्याचं वजन आणि एका मुठीचं वजन शेजारी ठेवून तुम्ही म्हणताय, मूठ हलकी आहे.

तेव्हा तुमचा १०९ हा पोत्याच्या हिशोबात ८० च्या आसपास. जुन्या ७३ पेक्षा सात कमी. हा सात कुठून आला? जुना फोन बहुधा ९०० मेगाहर्ट्झवर बोलत होता, नवा १८०० किंवा २३०० वर. लहरींची वारंवारता दुप्पट झाली की मोकळ्या माळावरसुद्धा सहा डीबी कमी मिळतात, आणि भिंती आल्या की आणखी. तुमचा फोन ठणठणीत आहे. तो फक्त वेगळ्या रस्त्याने चाललाय.

---

पडवीतला

काका, मुठीचं पटलं. पण मग फोन तुटतो का? सात डीबीने एवढं व्हावं?

---

खांबावरचा

बरोबर पकडलंत. त्याचं उत्तर काड्यांतही नाही आणि ओमीच्या वहीतही नाही.

काड्या काय किंवा डीबीएम काय, टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो एवढंच सांगतात. तुमचा आवाज टॉवरपर्यंत किती पोचतो हे त्यात कुठेच नसतं. टॉवर दणकट असतो, ४०-४० वॅट ओततो. फोनची ताकद किती? ४जीवर साधारण ०.२ वॅट. २जीचा फोन ९०० वर आपल्या पाळीच्या क्षणाला २ वॅटपर्यंत ओरडू शकायचा. दहापट. डीबीत १०.

आता जोडा. जांभ्याची दीड फूट भिंत, वर पत्रा (पत्र्यातून काहीही आत येत नाही, सगळं खिडकीदारातूनच), कव्हरात गोळ्या, आणि ओरडायची ताकद एक दशांश. आईंना तुमचं ऐकू जात असणार, तुम्हालाच त्यांचं तुटत असणार. विचारा.

---

पडवीतला

विचारलं. आई म्हणाली, "मला तुझं सगळं ऐकू येतं, तूच सारखा हॅलो हॅलो करतोस."

इतके दिवस मी तिला सांगतोय की तुझ्याकडे ऐकू येत नाहीये म्हणून.

---

गच्चीवरचा

खांबावरचे काका, एक प्रश्न. कोथरूडला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. चार वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर टॉवर होता. रेडिएशनने डोकं दुखतं म्हणून तीन जणांनी सभेत आवाज चढवला, सह्यांची मोहीम झाली, टॉवर गेला. भाडं गेलं, ते सोडा. आता त्याच तिघांपैकी एक गृहस्थ रोज रात्री जिन्यात उभे राहून मुलीशी कॅनडाला बोलतात, आणि आम्ही अख्खी इमारत ते ऐकतो. खरंच धोका होता का?

---

खांबावरचा

आपल्याकडे टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा २०१२ च्या सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे. दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर आपल्या आसपासचे टॉवर बघता येतात, ठरावीक शुल्क भरून मोजणीही मागवता येते. सह्यांऐवजी तो अर्ज करायला हवा होता.

गंमत अशी की टॉवर लांब गेला की फोन जास्त जोरात ओरडतो, आणि फोन कानाला लावलेला असतो. तुमच्या जिन्यातल्या गृहस्थांना हे सांगू नका, आता ते फोनविरुद्ध सह्या गोळा करतील.

---

झटपट

एवढं सगळं गणित करण्यापेक्षा बूस्टर लावला असता तर आतापर्यंत आई माजघरात बोलत असती. आणि सिमचं काय झालं?

---

खांबावरचा

सिम: फोनवर एलटीई दिसतंय म्हणजे सिम ४जीचं आहे, बदलून काही मिळणार नाही. जुनं २जी सिम असतं तर एलटीई उगवलंच नसतं, तिथे तुमच्या सासऱ्यांचा उपाय बरोबर होता. पण विनाकारण बदलू नये. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, बँकेचा ओटीपी येत नाही, आणि सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. चोरांना आळा म्हणून हे नियम केलेत, पण पेन्शनच्या तारखेला आपल्यालाच फास बसतो.

बूस्टर: परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे, विकणंही. ऑनलाइन मिळतो म्हणून कायदेशीर होत नाही. पण कायदा बाजूला ठेवा, मी याच्या मागे स्वतः फिरलोय. असा डबा सिग्नल मोठा करतो तसा गोंगाटही मोठा करतो आणि टॉवरच्या कानात ओततो. टॉवर बहिरा होतो. मग दोन किलोमीटरवरच्या लोकांचे फोन तुटू लागतात, ते कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. एकदा पंधरा दिवस आम्ही बिघाड शोधत होतो, कार्ड बदललं, केबल बदलली. शेवटी एका लॉजच्या गच्चीवर, टाकीच्या मागे, प्लॅस्टिकच्या बादलीखाली झाकलेला डबा सापडला. मालकाचं म्हणणं, "माझ्याकडे तर फुल्ल येते."

---

स्क्रूड्रायव्हर_सांगली

आणि ते शंभर रुपयांचं सोनेरी 'सिग्नल बूस्टर स्टिकर' बॅटरीवर चिकटवतात ते तर शुद्ध बंडल. रद्दीच्या भावात पण घेऊ नका.

वाचणाऱ्यांसाठी एक सांगतो, हे पडवीतल्यांना लागू नाही. फोन नवीन नसेल आणि बॅटरी किंवा डिस्प्ले बदलून आणल्यापासून रेंज पडली असेल, तर दुसरं काही बघू नका, त्याच दुकानात परत जा. आत मदरबोर्डपासून खालच्या पट्टीपर्यंत शेवयीएवढी काळी-पांढरी वायर जाते, तिच्या टोकाला टिचकीबटणासारखा गोल टोप असतो, ब्लाउजच्या बटणागत टच्कन बसतो. घाईत कारागीर तो नीट दाबत नाही किंवा विसरतो. फोन चालू होतो, आवाज येतो, फोटो निघतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. घरी गेल्यावर रेंज नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण काही जण 'नेटवर्क आयसी गेलाय' म्हणून अडीच हजार सांगतात. आधी समोर उघडून ती वायर दाखवा म्हणायचं.

---

द्राक्षवेल

नावं वेगळी केली, राउटर टीव्हीमागून काढून खिडकीशी ठेवला. स्वयंपाकघरात धो धो. चांदीचा गणपती जागच्या जागी आहे, त्याच्यावर आळ घेतल्याबद्दल एकवीस मोदक. धन्यवाद सांगलीकर!

---

पडवीतला

मग काका, आता आईसाठी करायचं काय? घर पाडून विटांचं बांधू शकत नाही.

---

खांबावरचा

तीन गोष्टी, एकेक करा आणि मध्ये मोजा. एका दमात सगळं बदललं तर कशाने सुधारलं हे कधीच कळत नाही.

एक, सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टे (४जीवरून बोलायची सोय) म्हणून खटका असतो, तो बंद करून बघा. तुमच्या आईंच्या कंपनीचं २जी अजून चालू आहे, जुना फोन त्यावरच बोलत होता. खटका बंद केला की नवा फोनही बोलताना २जीवर उतरेल. तोटा असा की फोन लागायला आठ-दहा सेकंद घेतो आणि बोलणं चालू असताना नेट बंद. ज्यांच्या कंपनीकडे २जी नाहीच त्यांनी हा खटका चुकूनही बंद करू नये, फोनच लागणार नाही.

दोन, घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. २०१९-२० पासून आपल्याकडे आहे. वेगळे पैसे नाहीत, नंबर तोच, समोरच्याला काही कळतही नाही. आवाज ब्रॉडबँडच्या वायरीतून जातो, जांभ्याशी संबंधच संपला.

तीन, १९८ वर तक्रार, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. "रेंज येत नाही" असं सांगू नका, त्याची टोपली वेगळी असते. "घरात उणे १०९, एलटीई, अमुक ठिकाण, बाहेर जाणारा आवाज तुटतो" असं सांगा.

नेटवर्क सेटिंग रीसेट करायला कुणी सांगितलं तर आधी वायफायचे पासवर्ड लिहून घ्या, ते पुसले जातात.

---

गच्चीवरचा

आणि ५जी? माझ्याकडे ५जीवर जास्त तुटतं, ४जीवर आणलं की बरं.

---

खांबावरचा

आपलं बरंचसं ५जी ३३०० मेगाहर्ट्झच्या वर आहे, भिंतीला घाबरणारं. जिओकडे ७०० चा पट्टाही आहे, तो आत शिरतो. काठावरच्या जागी फोन ५जी-४जी-५जी असा येरझाऱ्या घालत बसतो आणि बॅटरीही खातो. घरी ४जीवर ठेवलंत म्हणून काही बिघडत नाही.

---

एडिसनची_आत्या

काका, आमच्या गावी पावसात रेंज जाते ती का? पाण्यात सिग्नल विरघळतो का?

---

खांबावरचा

मोबाइलच्या लहरींना पावसाने फारसं काही होत नाही. ओली झाडी थोडं खाते. पण डोंगरावरच्या टॉवरला मागून जोडणारी जी तबकडी असते ती पुष्कळ वरच्या वारंवारतेवर चालते, १५, १८, २३ गिगाहर्ट्झ, तिला मुसळधार पाऊस आडवा येतो. म्हणजे फोनला टॉवर दिसतो, काड्या फुल्ल, पण टॉवरचाच पुढचा रस्ता बंद. आणि बऱ्याच वेळा कारण त्याहून साधं असतं: लाइट गेलेली, टॉवरची बॅटरी संपलेली, डिझेल घेऊन जाणारी गाडी घाटात अडकलेली.

---

पडवीतला

दहा दिवसांनी आलो, क्षमस्व. अपडेट.

व्होल्टेचा खटका बंद केला (ओमी पुन्हा). फोन त्याच रात्री माजघरातून बावीस मिनिटं चालला, एकदाही हॅलो हॅलो नाही. पण दुसऱ्या दिवशी आईची तक्रार, "फोनवर बोलता बोलता भजनी मंडळाचे मेसेज यायचे थांबतात." हेच ते, नेट बंद.

मग केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलं. गावात फायबर आलीय हे मला माहीतच नव्हतं, आईला होतं, मी विचारलं नव्हतं. राउटर माजघराच्या कोनाड्यात ठेवला होता, द्राक्षवेलताईंचं वाचून बाहेर काढून खुंटीच्या फळीवर ठेवला. व्होल्टे पुन्हा चालू, वायफाय कॉलिंग चालू. माजघर, स्वयंपाकघर, माडी, सगळीकडे आवाज स्वच्छ. लाइट गेली की राउटर बंद पडतो, तेव्हा मात्र पुन्हा पडवी. त्याला छोटी बॅटरी मिळते म्हणे, बघतो.

कव्हर बदललं, साधं प्लॅस्टिकचं. गोळ्या आता चष्म्याच्या डबीत. नाणं मात्र तिने सोडलेलं नाही, फोनच्या आणि कव्हरच्या मध्ये ठेवलंय. ओमीने मोजलं, एक डीबी जातो. जाऊ दे.

१९८ ची तक्रार तिसऱ्या दिवशी 'निराकरण झाले' असा एसएमएस येऊन बंद झाली. कुणी आलं नाही, काही बदललं नाही. पुन्हा उघडलीय, या वेळी काकांच्या शब्दांत.

---

खांबावरचा

बंद केली की अपील करता येतं, कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. तक्रार क्रमांक लागतो, म्हणून लिहून ठेवा म्हटलं होतं. ओमीला माझ्याकडून शाबासकी. एका वेळी एकच बदल करून वहीत लिहिणारी माणसं मला नोकरीत फार थोडी भेटली.

---

बिनकामाचा_सल्ला

मग आई आता देवघराशी बसून बोलतात ना?

---

पडवीतला

छे. अजून पडवीतच येऊन बोलते. म्हणते, आत बसून बोललं की रस्त्याने कोण गेलं ते कळत नाही.

---

नवाकोरा_सभासद

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. अख्खा धागा वाचला. माझ्या नव्या फोनला ऑफिसात दोनच काड्या येतात, बायकोच्याला चार. काय करू?

---

पडवीतला

आकडा सांगा. आणि कव्हरात काय काय आहे तेही.